गोड्या पाण्यात सोडलेली

तिरकी चालते म्हणून तुम्ही मला नावं ठेवता. ठेवा बापडे. पण बोलते मी सरळ, आणि आज बोलणारच आहे, कारण गप्प बसून माझ्या तोंडाला फेस आलाय. मी खेकडी आहे. नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या चिखलातली, हिरवट पाठीची, जेवणाच्या ताटलीएवढी खेकडी.

आमच्यात आईचं तोंड कुणी बघत नाही. माझ्या आईचं पोट अंड्यांनी भरलं तशी ती नदीचं मुख सोडून लांब समुद्रात गेली, तिथे पोटाखालच्या झाकणाला धरलेली अंडी तिने झटकली आणि निघून गेली. वळून बघितलं नसेल. लहानपणी वाटायचं, काय ही आई. आता कळतं की तिने आमच्यासाठी एकच काम केलं आणि ते पुरेसं होतं. ती आम्हाला खाऱ्या पाण्यापर्यंत घेऊन गेली.

कारण आमच्या अंड्याला मीठ लागतं. भरपूर, जिभेला झोंबेल इतकं. पाणी फिकं असेल तर ते अंड्याच्या सालीतून आत शिरतं, अंडं फुगतं, आणि आतलं पोर जन्माच्या आधीच बुडतं. मोठेपणी आम्ही फिकं पाणी सोसतो, वेळ पडली तर अगदी गोडंसुद्धा. अंडं नाही सोसत.

लाखोंनी जन्मलो. किती उरलो ते मोजायला कुणी उरलं नाही. सुरुवातीला मी पाण्याच्या वरच्या थरात नुसती तरंगत होते, दोन डोळे आणि एक काटा, बाकी अंगात काही नाही. कुणीही नुसतं तोंड उघडून पोहत गेलं तरी त्याचं पोट भरावं इतके आम्ही. मग एका उधाणाच्या भरतीने मला उचललं आणि नदीच्या मुखात आणून टाकलं. तेव्हा मी नखाएवढी होते.

मुखातलं पाणी म्हणजे बघा, एका घरात राहणाऱ्या दोन जावा. वरून नदीचं गोडं येतं, हलकं, पानं-काटक्या घेऊन. खालून समुद्राचं खारं शिरतं, जड आणि थंड. एकमेकींकडे बघायचं नाही, अंगाला अंग लावायचं नाही, एक वर, एक खाली. पण घर एकच, जाणार कुठे. भरती आली की ढकलाढकली, ओहोटी लागली की ढकलाढकली, आणि त्या भांडणातच दोघी एकमेकींत मिसळून जातात. मिसळून जे होतं त्याला तुम्ही मचूळ म्हणता. तोंडात गेलं तर थुंकता. आम्ही त्या थुंकीत वाढलो.

आणि आम्हीच एकटे नाही. काठची झाडं चिखलातून मुळांची बोटं वर काढून श्वास घेतात. त्यांची पानं पडतात, कुजतात, कुजलेल्यावर बारीक किडे जमतात, किड्यांवर कोळंबीची पोरं, कोळंबीच्या पोरांवर माशांची पोरं. बाजारात बर्फावर मान ताठ करून पडलेले मोठाले मासे तुम्ही बघता ना, त्यातले कितीतरी लहानपणी आमच्या मुळांत लपून वाढलेले असतात. त्यांना खाणारे दांडगे मासे खोल पाण्यातले, त्यांना मचूळ मानवत नाही, म्हणून लहानांना इथे आसरा. दगडादगडाला कालवं चिकटलेली, बसल्या जागी पाणी गाळत. प्रत्येकाचं पोट दुसऱ्याच्या पोरावर भरायचं, पण पोरंच इतकी व्हायची की पुरून उरायची. तुम्ही त्याला निसर्ग म्हणता. आम्ही जेवण म्हणायचो.

आमच्यात वाढायचं म्हणजे अंगावरचं घर फोडून बाहेर यावं लागतं. बाहेर आलं की नवं कवच टणक होईपर्यंत अंग शिजवलेल्या भातासारखं मऊ. माझं लग्न म्हणाल तर असंच मऊ असताना झालं. एक दांडगा खेकडा आला, त्याने मला पोटाशी धरलं आणि पाठ टणक होईपर्यंत सोडलं नाही. कुणी जवळ आलं की नांग्या उगारायचा. नवऱ्याचं एवढं सुख मी पुढे माणसांच्या घरातही पाहिलं नाही. मग पाठ टणक झाली आणि तो गेला. भांडण नाही, रुसवा नाही. त्याचं जे काही होतं ते माझ्या पोटात ठेवून गेला.

त्या सुमाराला भिंत आली.

नदीच्या वरच्या अंगाला माणसांची वस्ती, शेतं, विहिरी. उन्हाळ्यात नदी आटली की भरती वरपर्यंत चढायची आणि त्यांच्या विहिरी खारट व्हायच्या. त्यांचंही खरंच होतं, तहान कुणाला चुकली आहे. त्यांनी मुखावर आडवी भिंत घातली. भिंतीच्या मधोमध लोखंडी झडप, आणि झडप वरखाली करायला एक मोठं चाक. पावसाळ्यात पाणी फार झालं तर झडप उचलायची, एरवी बंद. नदी वर अडून राहिली, समुद्र खाली. दोघी जावांची वाटणी झाली.

वाटणीत मचूळ कुणाच्याच वाट्याला आलं नाही. भिंतीच्या वर गोडं, खाली खारं, आणि आमचं घर उरलं ते भिंतीच्या जाडीएवढं. तेही दगडाचं.

वर जे अडकले त्यांचे हाल विचारू नका. कालवं तोंडं वासून मेली. झाडांची मुळं पाण्याखाली राहिली, त्यांना श्वास घ्यायला ओहोटीच येईना, ती उभ्या उभ्या गुदमरली. चिखल काळा झाला आणि नासक्या अंड्यासारखा घाण वास मारू लागला. वरून जलपर्णीची हिरवी गोधडी पसरली. वस्तीतली माणसं काठावर यायची, पाणी ओंजळीत घेऊन प्यायची आणि म्हणायची, काय गोड झालंय. मी नशिबाने भिंतीच्या खाली होते. नशिबाने, असं तेव्हा वाटलं.

माझं पोट भरलं तशी मी निघाले. ओहोटीचं पाणी जाईल तिकडे चालायचं, एवढंच आईने न शिकवता शिकवलं होतं. कवचाखाली सगळं केशरी झालं होतं, पाऊल टाकायला जड जात होतं. अगदी शेवटच्या खडकाजवळ कुजक्या माशाचा वास आला. दिवस भरत आलेल्या बाईला कशाचा वास आला की जीव कसा कासावीस होतो ते तुम्हा बायकांना ठाऊक आहे. आत शिरले. पिंजऱ्याचं तोंड आत यायला मोठं होतं, बाहेर जायला नव्हतं. जाळीतून समोर समुद्र दिसत होता.

पिंजरा होता एका मासेवालीचा. तिने माझ्या नांग्या दोरीने बांधल्या, टोपलीत टाकलं आणि भिंतीवरच्या घराशी आणलं. त्या घरात झडपेचं चाक फिरवणारा राहायचा. त्याला सगळे चाकवालेच म्हणायचे. त्याच्याबरोबर त्याची म्हातारी आई, आणि त्याची बायको, नुकतीच बाळंत झालेली, पहिलटकरीण.

“आजी, भरलेली आणलीय बघा,” मासेवालीने दारातून हाक दिली.

“भरलेली म्हणून मागच्या खेपेला पोकळ दिलीस.”

“ती तुमच्या नशिबाने पोकळ निघाली. ही दाबून बघा, ढोलकीसारखी आहे.”

“ढोलकीही आतून पोकळच असते गं.”

मासेवाली हसली. तिने मला उलटी केली, झाकणाच्या कडेला नख घातलं आणि फटीतून दिसणारा केशरी रंग म्हातारीला दाखवला. माझ्या पोटात असं कुणी डोकावलं नव्हतं.

“सुनेला दूध नाही,” म्हातारी आवाज खाली आणून म्हणाली. “पोर रडून रडून काळंनिळं होतंय. वरचं दूध पोटात राहत नाही.”

“मग हीच घ्या. हिच्या पोटात लाखो आहेत, तुमच्या एकाला पुरतील.”

यावर कुणी हसलं नाही. थट्टेतलं बोलणंच नव्हतं ते.

म्हातारीचा हात सवयीचा होता. आम्ही ज्यांनी पोहतो ते मागचे दोन चपटे पाय तिने शेंगा मोडाव्यात तसे मोडले. “पळायला नको,” म्हणाली. मग एका नांगीचं बोट मोडलं. दुसऱ्या नांगीला दोरी गच्च होती, ती तशीच राहू दिली. हे सगळं करताना आत बाळ कुरकुरत होतं म्हणून ती तोंडाने त्याच्यासाठी अंगाई म्हणत होती. अंगाई थांबली नाही आणि हातही थांबले नाहीत.

मला स्वयंपाकघरात, चुलीच्या कोपऱ्यात, ओल्या पोत्याखाली ठेवलं. तिथून पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू यायचं. बाळाचं रडणं ऐकलं आणि ते कशाचं आहे ते मला लगेच कळलं. भुकेला भाषा लागत नाही. त्याची आई त्याला एका बाजूला लावायची, मग दुसऱ्या बाजूला, मग परत पहिल्या. तो ओढून ओढून दमायचा आणि झोपी जायचा. तो झोपला की तिच्या जीवाला नवा घोर.

“अहो, बघा ना. झोपलाय की काय झालंय, कळत नाही.”

“अगं, घोरतोय तो.”

“एवढीशी बाळं घोरतात का?”

“माझा आहे. घोरणारच.”

नवरा कूस बदलायचा. ती मात्र बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास लागतो का बघत. तिला मी दोष देत नाही. माझी पोरं अशी बाहेर असती तर मीही तेच केलं असतं.

सकाळी तिने पोतं उचललं. माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

“आई, हिच्या पोटात पिल्लं आहेत का?”

“अंडी. म्हणून तर आणलीय. आज कढण करते. पी आणि बघ उद्या कशी धार लागते ती.”

“मला नाही जाणार.”

“डोळे मिटून प्यायचं. आई झालं की आवडीनिवडी संपल्या.”

“तीही आईच आहे, आई.”

“ती खेकडी आहे. तू माझ्या नातवाची आई आहेस. मला दोघींतून निवडायला लावू नकोस, मी निवडलंय.”

म्हातारी वाईट नव्हती. तिने पातेल्यात पाणी चढवलं आणि वाटण वाटायला बसली. मला वाटलं, ठीक आहे. मी जाईन, माझ्याबरोबर ही सगळी जातील, आणि पलीकडे एक बाळ जगेल. आमच्या मुखात तरी दुसरं काय चालायचं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. खालच्या वस्तीतले जाळेवाले चाकाशी जमले होते. मुखात मासा येत नव्हता, पिल्लं तयार होत नव्हती, आणि त्यांना झडप उघडून हवी होती.

“चाकवाले, दोन वीत तरी उचला. थोडं पाणी सुटू द्या.”

“दोन वीत उचलली तर वरचे लोक खारट विहिरी घेऊन माझ्या दारात येतील.”

“आणि नाही उचलली तर आम्ही येतो.”

“आलाच आहात. बसा, चहा घ्या. माझ्या हातात चाक आहे रे बाबांनो, हुकूम नाही.”

आपल्या मुलाला कुणी मारतं की काय म्हणून म्हातारी वाटण तसंच टाकून बाहेर धावली. सून उठली. तिने बाळ एका हाताने छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने मला पोत्यासकट उचललं आणि मागच्या दाराने भिंतीवर आली.

आता नीट बघा, आम्ही कुठे उभ्या होतो. पायाखाली भिंत. तिच्या डाव्या हाताला गोडं पाणी, कपडे धुवायच्या पायऱ्या उतरल्या की लगेच. उजव्या हाताला खारं, मळकट, फेसाळ. ओहोटी लागली होती. मला उजवीकडचा वास आला आणि माझे उरलेले सगळे पाय उजवीकडे ओढू लागले.

“घाबरू नकोस गं,” ती म्हणाली. “त्या घाणीत नाही टाकत तुला.”

ती आतल्या मुलखातली, डोंगराकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा पहिल्यांदा तिने समुद्र पाहिला. बाळाला मांडीवर घेऊन पायरीवर बसून, कमरेला खोचून आणलेल्या सुरीने माझी दोरी कापताना ती मला तिच्या माहेरच्या ओढ्याचं सांगत होती. ओढ्यातला दगड उचलला की खाली खेकडी, आणि तिच्या पोटाला बटणांएवढी पिल्लं बिलगलेली. “आम्ही मुली बघत बसायचो. हात नाही लावायचो. पिल्लंवालीला हात लावू नये म्हणायची माझी आई.”

ती एक शब्द खोटं बोलत नव्हती. ओढ्यातल्या खेकड्या आमच्या लांबच्या भाऊबंदांतल्या. त्यांची पोरं अंड्यातून निघतात तीच अख्खी खेकडी होऊन, त्यांना समुद्र लागत नाही. तिला खेकडी चांगली ठाऊक होती. फक्त ती खेकडी मी नव्हते.

तिने मला दोन्ही बाजूंनी धरून अलगद पाण्यात ठेवलं. बाळाला आंघोळ घालतात तसं.

“इतके दिवस खारटात काढलेस. आता गोडं पी, आणि पोटातली सुखाने वाढव.”

पाणी माझ्या अंगात शिरलं. मी फेस काढायला लागले. तिला वाटलं, मला बरं वाटतंय.

गुळाने मरतो त्याला विष कशाला, असं तुमच्यातलेच म्हणतात. म्हातारीच्या पातेल्यात मी एकदाच मेले असते आणि कुणाच्या तरी उपयोगी पडले असते. या पोरीने दया केली.

आत म्हातारीने सुनेने परत आणून ठेवलेलं पोतं झटकून बघितलं.

“कुठे गेली?”

“सुटली असेल, आई.”

“बांधलेली सुटते? बांधलेली सुटत असती तर या घरातून मी केव्हाच सुटले असते.” म्हातारीने पातेलं चुलीवरून उतरवलं आणि पाणी मोरीत ओतून दिलं. त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आणि दुसऱ्याच दिवशी सुनेला दूध आलं.

का आलं ते देव जाणे. यायची वेळ झाली असेल, किंवा त्या रागात म्हातारीने तिला दिवसभर कामाला हात लावू दिला नाही म्हणून असेल. पण पदर भिजला तशी ती बाळाला घेऊन धावत पायरीवर आली आणि पाण्याकडे बघून तिने हात जोडले. “तुझ्या पोरांच्या पुण्याईने गं,” म्हणाली. मी पायरीच्या खाली, फटीत बसले होते. तेव्हापासून ती रोज मला भाताची शितं टाकायला लागली. मी खात होते. भूक लाजत नाही.

माझी वेळ काही थांबली नाही. पोटातली वेळ पाणी बघून येत नाही. अंडी बाहेर आली, झाकणाखाली केशरी गोळा धरला, आणि मी धडपडायला लागले. भिंत चढून बघितली. पोहायचे पाय नव्हते, एक नांगी अर्धी, पायऱ्या हातहातभर उंच, आणि भिंत वरपर्यंत घोटून गुळगुळीत केलेली, त्यावर शेवाळ. वीतभर चढायची आणि पोटावर पडायची. प्रत्येक पडण्यात थोडी अंडी चिरडायची. मग चढणं सोडून दिलं.

तिकडे झडपेच्या बुडाशी मला एक फट सापडली. झडपेच्या कडेचं रबर एका कोपऱ्यात फाटलं होतं. बाहेर भरती चढली की तिथून समुद्राचं पाणी आत यायचं. दोऱ्याएवढी धार, पण खारी. मी त्या फटीला पोट लावून बसायला लागले. भरती आली की पोट फटीला, ओहोटी लागली की अंडी छातीशी आवळून नुसती वाट बघायची. शितं खायलाही गेले नाही.

ऐकून खोटं वाटेल, पण फटीच्या बाजूची अंडी जगली. सगळी नाही, मूठभर. केशरी रंग गेला, करडी झाली, आणि मग प्रत्येकात दोन काळे ठिपके दिसायला लागले. डोळे. पोरं आतून बघायला लागली होती. आता थोडाच अवधी. झडपेखाली फट होती, पोरं फटीतून जाण्याएवढी बारीक होती, आणि पलीकडे समुद्र होता. मला जायचं नव्हतंच. मी राहिले असते.

इकडे बाळाच्या अंगावर पुरळ उठलं. अशा वेळी आईचं डोकं कसं फिरतं ते सांगायला नको. तिने तेल बदललं, कपडे उकळून काढले, स्वतःच्या जेवणातलं एकेक सोडलं. एक दिवस पायरीवर कळशी बुडवली आणि पाणी चाखून बघितलं.

“अहो, हे पाणी खारट लागतंय.”

“तुझ्या जिभेला सगळंच खारट लागतं हल्ली.”

“चाखा तर. याच पाण्याने मी त्याला आंघोळ घालतेय. झडप गळतेय कुठेतरी.”

“गळत असेल थोडी. झडप आहे, बाटलीचं बूच नाही.”

“तुम्हाला थोडीच वाटणार. अंग त्याचं सोलतंय.”

चाकवाले कुरकुरत उठले. डांबरात बुडवलेली चिंधी आणि एक लोखंडी सळई घेऊन पाण्यात उतरले, बोटाने फट चाचपली. मी फटीवरच होते. त्यांनी मला पायाने बाजूला केलं आणि चिंधी सळईने ठोकून ठोकून आत बसवली. काम त्यांनी चांगलं केलं. एक थेंब यायचा नाही असं केलं. काठावर ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. “अगबाई, इथेच आहे ही अजून,” मला बघून म्हणाली. “हिलापण त्रास होत असेल हो खारटाचा.”

भरती आली, मी पोट लावलं, काही आलं नाही. पुढच्या भरतीलाही नाही. काळे डोळे आतल्या आत पुसट होत गेले. अंडी फुगली, पांढरी पडली, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली. आमच्यात मेलेली अंडी वेचून काढावी लागतात, नाहीतर जगलेलीही नासतात. मी वेचत गेले. वेचता वेचता शेवटपर्यंत आले आणि जगलेलं एकही निघालं नाही.

वेचलेली मी खाल्ली. टाकली असती तर माशांनी खाल्ली असती. माझीच होती.

बाळाचं पुरळ बरं झालं. आता ते बसायला लागलंय. पायरीवर ठेवलं की पाण्यावर हात आपटतं आणि हसतं. त्याची आई सगळ्यांना माझी गोष्ट सांगते. वस्तीत जिला दूध येत नाही, जिचं बाळ अशक्त आहे, तिला म्हणते, एक भरलेली घे आणि आमच्या पायरीवर सोड, बघ. बायका येतात. मासेवालीचं बरं चाललंय.

“खायची की सोडायची?” ती आता आधी विचारते. “सोडायची असेल तर पाय मोडत नाही मी. तेवढंच मलाही पुण्य.”

म्हातारीसुद्धा आता पायरीवर उभी राहून बायकांना सांगते, असं हळूच ठेवा, आपटू नका. पाय शाबूत असलेल्या खेकड्याही भिंतीवरून घसरतात. पायरीखाली आता जागा पुरत नाही, फटीफटीत आम्ही, प्रत्येकीच्या झाकणाखाली केशरी गोळा, मग करडा, मग पांढरा. वरून बायका वाकून बघतात आणि म्हणतात, बघा, किती सुखात आहेत.

तुम्ही हे ऐकत असाल आणि तुमच्याही मांडीवर कुणी असेल, तर माझं सांगणं एवढंच. आम्हाला खायचं असेल तर खा. मोडायचं असेल तर मोडा, आम्हाला त्याची सवय आहे. पण कधी दया आलीच, तर हातातल्या जीवाला आधी विचारा, तुझं पाणी कुठलं. तो बोलणार नाही. त्याचे पाय कुठल्या बाजूला ओढतात तेवढं बघा. आपल्याला जे गोड लागतं ते सगळ्यांना पाजू नका. आणि ती झडप, तुमच्यातल्या कुणाच्या हातात तो हुकूम असेल तर, भरतीला वीतभर उचला. विहिरी थोड्या मचूळ होतील. थुंका आणि प्या.

हे बोलेपर्यंत आज एक नवी आली. तिला आणणारी बाई फार लहान होती, रडून डोळे सुजलेले. तिने खेकडीला माझ्या शेजारीच ठेवलं, हात जोडले आणि गेली. नवीच्या झाकणाखाली अंडी होती, ताजी, केशरी. तिने पायांनी दगड चाचपले, पाणी चाखलं, परत चाखलं.

“ताई,” तिने मला विचारलं, “समुद्र कुठल्या बाजूला आहे?”

मला सांगता आलं असतं. आज कुणी शितं टाकली नव्हती, आणि माझी एक नांगी अजून चांगली आहे.

“जवळ ये,” मी म्हटलं. “दमली असशील. आधी बस.”